दूताची पाळी

आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती गावात देवळाच्या डाव्या कोपऱ्यात एक शेतमजूर संत उभा आहे. हातात बैल हाकायची पराणी, पायाशी दोन ठेंगणे बैल, आणि बैलांच्या मागे नांगर धरलेला देवदूत. त्याचं खरं नाव फादरांना ठाऊक. गावात त्याला सगळे नांगऱ्याबाबा म्हणतात. आठ-नऊशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये तो दुसऱ्याच्या जमिनीवर राबला आणि राबता राबताच म्हातारा होऊन मेला. त्याने ना मठ काढला, ना पुस्तक लिहिलं. मोठ्या मोठ्या बिशपांच्या आणि राजांच्या गर्दीत हा एक मजूर संत म्हणून कसा घुसला, याचं मला लहानपणी फार कौतुक होतं. आता त्याचा राग येतो. संताचा राग येणं बरं नव्हे, पण येतो त्याला मी काय करू?

राग का येतो ते सांगायला तीन वर्षं लागली. कुवेतमध्ये वफ्राच्या एका शेतावर माझ्याबरोबर काम करणारा एक माणूस माझ्या पाळीवर गेला आणि मेला. त्याच्या बायकोला मी वेगळंच सांगितलं. तिला खरं सांगायचं होतं, आणि ते तीन वर्षं माझ्याच्याने झालं नाही.

आधी संताची गोष्ट सांगतो, कारण माझी चूक त्या गोष्टीतूनच निघाली. तो रोज सकाळी नांगर जुंपायच्या आधी मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, जायचा. बरोबरच्या मजुरांनी मालकाकडे चुगली केली की हा देवळात बसतो आणि आम्ही इथे घाम गाळतो. मालक एका पहाटे बांधाआड लपून बघायला आला. बघतो तर संत गुडघ्यावर, आणि शेतात पांढऱ्याशुभ्र बैलांची जोडी नांगरतेय, नांगरामागे देवदूत. मालकाने तिथेच टोपी काढली. संताचं पोर विहिरीत पडलं तेव्हा नवराबायकोने प्रार्थना केली आणि विहिरीचं पाणी काठापर्यंत वर आलं, पोर अलगद बाहेर, अशी दुसरी गोष्ट. आई दोन्ही गोष्टी वांगी निवडताना सांगायची, आणि प्रत्येक वेळी बैलांचा रंग सांगताना हात थांबवायची.

या गोष्टीवरून आमच्या गावात एक रीत पडली आहे. मे महिन्यात त्याच्या सणाला सगळे सकाळी बियाणं आणि अवजारं आशीर्वादाला घेऊन देवळात जातात. तेवढ्या वेळात कोणीतरी येऊन तुमच्या वाडीला पाणी घालून जातं. शेजारचा हिंदू असेल, मिस्सा चुकवलेला आपलाच कोणी चुलता असेल. तुम्ही परत येता तर वाफे ओले. याला म्हणायचं दूताची पाळी. आणि नियम एकच, पण कडक: कोणी केलं हे विचारायचं नाही. शोधायचं नाही, हाक मारायची नाही, आभार मानायचे नाहीत. विचारलंत तर त्याचं पुण्य गेलं आणि तुमचाही सण फुकट गेला. मी एकदा चिखलाने भरलेले पाय बघून शेजारच्या काकांना विचारलं तर आईने तिथल्या तिथे कानाखाली वाजवली होती.

हे सगळं डोक्यात घेऊन मी कुवेतला आलो. ॲग्रीचा डिप्लोमा होता, ग्रीनहाऊसचं काम येत होतं. वफ्राचं शेत म्हणजे वाळूत उभी केलेली सोळा ग्रीनहाऊसं, त्यात काकडी आणि टोमॅटो. प्रत्येकाच्या एका भिंतीला पुठ्ठ्याचे जाड पॅड, त्यांवरून पंपाने पाणी सोडायचं आणि समोरच्या भिंतीचे पंखे ती ओली हवा आत ओढणार. तिथलं पाणी खारट. पॅडवर मीठ धरतं, पंपात अडकतं. उन्हाळ्यात पंप बंद पडला तर अर्ध्या तासात आतलं पीक उकडलेल्या भाजीसारखं होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी एकाने फेऱ्या मारत राहायचं.

पंपांचं काम बघायला भाई होता. रायगडच्या किनाऱ्यावरचा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, दाढीला मेंदी, आणि हातात कायम एक पाना. आम्ही दोघेच मराठी बोलणारे, म्हणून पहिल्या आठवड्यात जमलं आणि मग जमूनच राहिलं. तो मला चिडवायचा, “तुझा साधू कामचुकार रे. देवाचं नाव घेऊन झाडाखाली बसला नि नांगर दुसऱ्याच्या गळ्यात.” मी म्हणायचो, “दुसऱ्याच्या नाही, देवदूताच्या.” तो म्हणायचा, “देवदूताला काय कंबर नसते?”

शुक्रवारी आमचं ठरलेलं होतं. कुवेतमध्ये शुक्रवारी सुट्टी, म्हणून मिस्साही शुक्रवारीच. मी पहाटे भाजीच्या पिकअपमधून शहरात जायचो, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या चिमण्या मागे टाकत, आणि अकराच्या आत परत यायचो. तोवर भाई फेऱ्या मारायचा. अकरानंतर मी, म्हणजे तो अंघोळ करून जुम्म्याच्या नमाजला जायचा. इतक्या वर्षांत त्याची एकही जुम्म्याची नमाज चुकलेली नव्हती. तापातही गेलेला मी पाहिला आहे.

त्या वर्षी नांगऱ्याबाबाचा सण नेमका शुक्रवारी आला. शहरात, सालमियात, आमच्या गावची एक बाई राहते, जाब्रियाच्या इस्पितळात नर्स आहे. तिने मिस्सानंतर तिच्या फ्लॅटवर सगळ्या गाववाल्यांना बोलावलं होतं. संताचा फोटो, समोर ताटात बियाणं, फादर येऊन आशीर्वाद देणार, मग जेवण. मी वर्षभर शेतात राबणारा एकटाच. बाकी सगळे बँकेतले नाहीतर कॉम्प्युटरवाले. त्यांनी बियाणं म्हणून सुपरमार्केटातली मेथी आणली होती. मी वफ्राहून काकडीचं खरं बियाणं नेलं. मला फार मोठं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

साडेदहाला माझ्या लक्षात आलं की अकरापर्यंत पोचणं होत नाही. फादरच आले नव्हते. मी बाल्कनीत जाऊन भाईला फोन केला.

“भाई, उशीर होतोय. निघू का मी?”

“फादर आला का तुझा?”

“नाही अजून.”

“मग निघून काय करशील? थांब. तुझा सण कर. मी हाय ना हितं.”

“आणि तुझी नमाज?”

“मशीद काय पळून जातेय? पुढला जुम्मा हायच की. तुझा साधू वर्षात एकदाच येतो.” मग हसला. “आज मी तुझा तो पांढरा बैल.”

मी एकदा म्हणायचं म्हणून म्हणालो, “असं नको रे.” पण मनातून मला बरंच वाटलं. इतकं बरं वाटलं की दुसऱ्यांदा म्हणालो नाही. आत आलो तर तिथे एक सातआठ वर्षांची मुलगी फोटोकडे बघत आईला इंग्रजीत विचारत होती की याचं काम एंजल करतात तर मग संत कोण, हा की एंजल? सगळे हसले. मीही हसलो.

फादर आले, बियाण्यावर पाणी शिंपडलं गेलं, जेवण झालं. मी शेतावर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. गाडीतून उतरल्यावर गरम हवा तोंडावर आली ती भट्टीचं झाकण काढल्यासारखी. बाहेर कोणी नव्हतं. बाकीची माणसं सुट्टीची, आपापल्या खोल्यांत. मी एका टोकाकडून बघत गेलो. सहा नंबरच्या बाहेर पाइप पसरलेला, पॅडच्या भिंतीखाली वाळू भिजून काळी झालेली. पंप बंद होता, पंखे चालू. कोणीतरी पाइपने हाताने पॅड भिजवत राहिलं होतं. पंपाचं झाकण उघडं, खाली स्क्रू एका फडक्यावर ओळीत मांडलेले. पॅडला हात लावला तर अजून ओले.

मला गावातले ओले वाफे आठवले. खरंच सांगतो, मला तिथे सणासारखं वाटलं. वाटलं, हे असंच असतं, कोणीतरी येऊन करून जातं. पॅडचा पाइप मी शेजारच्या पंपाच्या लाइनला जोडला, पाणी सुरू केलं. भाईच्या खोलीवरून गेलो तर त्याचा एसी घरघरत होता, दार ओढलेलं. झोपला असेल, म्हटलं. ताटात झाकून आणलेलं त्याचं जेवण मी माझ्या खोलीत ठेवलं. हाक मारावी असं मनात आलं होतं. आणि मग आईचा तो नियम आठवला. विचारायचं नाही, हाक मारायची नाही. हसू आलं मला. भाई उठला की चिडवू म्हणून मी अंग टाकलं आणि झोपलो.

साडेचारला आंध्रचा एक कामगार ओरडत आला. भाई सहा नंबरच्या आत, काकडीच्या दोन ओळींच्या मधे पालथा पडला होता, गरम हवा बाहेर सोडायची छताची झडप उघडायच्या हँडलपासून चार पावलांवर. मी बाहेर पॅडला हात लावून उभा होतो तेव्हा तो आत होता. भिंतीच्या पलीकडे, पंचवीस-तीस पावलांवर. काकडीचे वेल डोक्याएवढे उंच झाले होते, दारातून दिसलाही नसता. पण हाक मारली असती तर? कण्हला असता. किंवा नसता कण्हला, पण उत्तर आलं नाही म्हणून मी शोधलं असतं. अडीच तास. त्या अडीच तासांत मी घोरत होतो.

त्याचं अंग हाताला चटका बसेल इतकं तापलेलं होतं आणि घाम नव्हता. घाम नसणं वाईट, हे शेतावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. आम्ही त्याला पाइपखाली धरला, पिकअपमध्ये ओल्या गोण्यांवर घातला आणि सरकारी इस्पितळात नेला. जाब्रियाच्या नर्सबाईला मी फोनवर मशीनवरचे आकडे वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाली, “जवळचं कोणी असेल तर त्यांना कळव.” मी म्हणालो, “मीच आहे जवळचा.” ती म्हणाली, “तसं नाही रे, त्याच्या घरी.”

तीन दिवस तो तिथे नळ्या लावून पडला होता आणि मी बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. इतकी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. सुरुवातीला रीतसर केली, रोजरीची माळ हातात घेऊन. मग भीक मागितली. मग नांगऱ्याबाबाशी भांडायला लागलो. तुझ्या पोरासाठी विहिरीचं पाणी वर आणलंस ना, मग हा माणूस आतून सुकलाय, याच्यासाठी दोन घोट आण. तुझ्या शेतात देवदूत होते. माझ्या शेतात बावन्न वर्षांचा एक पंपवाला होता, त्याला ब्लडप्रेशर होतं आणि तो माझ्याच सणासाठी उभा राहिला. मला त्या चुगली करणाऱ्या मजुरांचीही आठवण झाली. लहानपणापासून ते मला दुष्ट वाटत आले होते. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या पहिल्यांदा वाटलं की त्यांचं काय चुकलं? एक माणूस गुडघ्यावर बसला की नांगर कोणाच्या तरी हातात जातोच. आमच्या गोष्टीत त्या हातांचं नाव नाही, तोंड नाही. ते थकून पडले तर कोण बघायला जाणार?

शेताचा इंजिनिअर एकदा येऊन गेला. पाळीच्या कागदावर त्या वेळेपुढे माझं नाव होतं. मी त्याला मोडक्या अरबीत सांगितलं की पाळी माझी होती, मी चर्चमध्ये होतो, दोन वाजता परतलो. त्याने वेळा कागदावर लिहून घेतल्या आणि कागद घडी करून खिशात घातला. म्हणाला, तो स्वतः गेला ना, तुम्ही पाठवलं नाही ना, मग खलास. मला कोणीतरी धरून आपटावं असं वाटत होतं आणि हा माणूस मला मोकळं सोडून निघून गेला.

सोमवारी दुपारी भाई गेला.

घरच्यांनी तिथेच दफन करायला सांगितलं. मी मागे उभा राहिलो, सगळ्यांच्या शेवटी तीन मुठी माती टाकली. त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवर भाभी म्हणून ओळख होती. ती रडत नव्हती. बारीकसारीक विचारत होती. कफन कोणी घातलं, किती माणसं होती, ऊन होतं का. 

“भाऊ, एक विचारू?”

“विचारा ना भाभी.”

“त्या दिवशी जुम्म्याची नमाज मिळाली का त्यांना?”

मला अजून त्या खोलीतला टेबलफॅन आठवतो, त्याची मान एका बाजूला अडकली होती. खरं बोलायला एक वाक्य पुरे होतं. भाभी, ती पाळी माझी होती, मी सण करत बसलो, म्हणून चुकली. पण तिच्या आवाजात काहीतरी होतं, की ही एक गोष्ट मिळाली तर तिला रात्र काढता येईल. असं मी स्वतःला तेव्हा सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

“मिळाली,” मी म्हणालो. “मीच होतो ना पाळीवर. मीच पाठवलं त्यांना. नमाज करून आले आणि मग पंप बघायला गेले.”

ती म्हणाली, “बरं झालं.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर तीन वर्षं मी ईदला फोन करत राहिलो. दोन मिनिटं, तब्येत, पाऊसपाणी. ती कधी स्वतःहून जास्त बोलली नाही, मला वाटायचं बाईमाणूस, परका पुरुष, संकोच असेल. मी पापनिवेदनात हे फादरांना सांगितलं. त्यांनी सांगितलं की देवाने तुला क्षमा केली असेल, पण खोटं तू देवाशी बोलला नाहीस, जिच्याशी बोललास तिच्याकडे जा. मी हो म्हणून आलो आणि अजून एक वर्ष काढलं. सणाला सालमियाला जाणं सोडलं होतं. घरी फोन केला की आई विचारायची, वाडीला पाणी घातलं बघ कोणीतरी यंदाही, कोण असेल रे? आणि स्वतःच जीभ चावायची. मी फोन दुसऱ्या हातात घ्यायचो.

या वर्षी मे महिन्यात, सणाच्या आदल्या दिवशी दुपारी, मी शेतावरच्या सावलीच्या जाळीखाली उभं राहून नंबर लावला. वाक्य पाठ केलं होतं. ती “हॅलो” म्हणाली आणि मी ते एका श्वासात म्हणून टाकलं. पाळी माझी होती. मी शहरात सण करत होतो. माझ्यासाठी भाई थांबला. नमाज चुकली त्याची. मी खोटं बोललो.

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“ठाऊक हाय मना,” ती म्हणाली.

मला कळलंच नाही.

“त्या दिवशी आमच्याकडे दुपार झालेली तेव्हा त्यांनी फोन केलेला. म्हणाले, आज नमाजला जात नाही, पोराचा सण हाय, त्याच्या जागी उभा हाय. हसत होते. मी बोलले पण त्यांना, लष्कराच्या भाकऱ्या भाजताय म्हणून.”

“मग भाभी, तुम्ही मला विचारलंत का?”

“तुम्ही खरं सांगाल म्हणून. तुम्ही मिळाली म्हणालात तेव्हा मना कळलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. नमाजचं लपवायला काय हाय त्यात? नमाज चुकली तर अल्ला बघून घेईल, ते कोणाच्या तरी कामाला उभे होते. मग तुम्ही काय लपवताय, त्याचाच मी तीन वर्षं विचार करतेय.”

पाठ केलेलं सगळं संपलं होतं, आणि जे पाठ केलं नव्हतं तेच ती मागत होती.

“एकच सांगा भाऊ,” ती म्हणाली. “तुम्ही दोन वाजता परत आलात, असं त्यांच्या सामानाबरोबर आलेल्या त्या इंजिनेरच्या कागदात लिवलेलं. ते साडेचारला सापडले. तुम्ही आलात तेव्हा त्यांना एक हाक तरी मारलीत का?”

“नाही,” मी म्हणालो.

ती काही बोलेल म्हणून मी फोन कानाला धरून उभा राहिलो. तिने तो ठेवला होता.